न केलेली पाहणी

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे — गेल्या आठवड्यापर्यंत. सात वर्षं मी हे डोंबिवलीहून नौपाड्यातल्या ऑफिसात रोज नेत होते आणि तसंच परत आणत होते. आता झोप मात्र छान लागतेय.

आधी काम सांगते. उपग्रहाची चित्रं बघून दुष्काळी तालुक्यांत कुठल्या गावाच्या जमिनीखाली किती पाणी उरलं असेल, याचा अंदाज आम्ही कॉम्प्युटरवर बांधतो. भर उन्हाळ्यात शिवार हिरवं दिसलं की तिथे पीक उभं आहे, म्हणजे विहिरींना पाणी आहे — असं ते गणित. टँकर कुठे पाठवायचे, ते त्यावरून ठरायचं. पण गणित चुकतं, म्हणून एक नियम होता. शंकेच्या गावी स्वतः जाऊन यायचं, आणि मगच फॉर्मवर ‘प्रत्यक्ष पाहणी केली’ या चौकटीत खूण करायची.

एका गावाबद्दल अशी शंका होती. तिथल्या सुशीलाबाई दर आठवड्याला विहिरीत दोरी सोडून पातळी मोजायच्या आणि आम्हाला कळवायच्या. त्यांच्या मते विहिरींनी तळ गाठला होता. नकाशावर शिवार हिरवंगार. जाऊन बघायला नको होतं का? मी गेले नाही. आजारपण नव्हतं, घरात कार्य नव्हतं. ऊन नको वाटलं — इतकंच. एसीत बसून मी चौकटीत खूण केली आणि बाईंचे आकडे ‘अविश्वसनीय’ असा शेरा मारून काढून टाकले.

गावाचा टँकर बंद झाला. बाईंचं मोजणीचं कामही गेलं.

पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्याच कामासाठी त्या रस्त्याने गेले. हिरवळ होती की — सगळी वेडी बाभूळ! कुणी पाणी न घालता उन्हाळाभर हिरवी राहते ती. बाकी शेतं कोरडी ठणठणीत, आणि विहिरीवर बायका ताटकळत उभ्या. ड्रायव्हरने विचारलं, थांबायचं का? मी नको म्हटलं आणि काच वर केली. ती काच मला त्या खुणेपेक्षाही जास्त टोचते.

वर मीच नव्या लोकांना शिकवते, पाहणीशिवाय नकाशावर विश्वास ठेवू नका म्हणून. काय म्हणावं या तोंडाला? गेल्या आठवड्यात त्यांच्यातल्याच एकीने, खराब आकडे कसे ओळखावेत याचा नमुना म्हणून, जुन्या फाइलीतून सुशीलाबाईंच्या नोंदी शोधून आणल्या. शाबासकीच्या अपेक्षेने माझ्याकडे बघत होती. मला तिच्यासमोर उभंच राहवेना.

शुक्रवारी साहेबांना सगळं लिहून दिलं. रविवारी सकाळी गावाला फोन लावला. मी आलेच नव्हते, तुमचे आकडे बरोबर होते, असं सांगितलं.

बाई म्हणाल्या, “ताई, मी तवा तीनतीनदा दोरी सोडून बघायची. वाटायचं, आपल्यालाच मोजता येत न्हाई. गाव अजून म्हनतंय, हिच्यामुळं टँकर गेला.”

मी माफी मागायला लागले.

“थांबा,” त्या म्हणाल्या, “पारावर मानसं बसल्यात. फोन मोठा करते. परत सांगा.”

नवरा समोर पेपर वाचत होता. शेजारच्यांची खिडकी उघडी होती. मी उठून उभी राहिले, माझं पूर्ण नाव सांगितलं, आणि पहिल्यापासून सगळं परत सांगितलं — मोठ्याने.