दाबलेलं बटण

रोह्याच्या कंपनीत नव्या कामगारांना वॉकीटॉकी वापरायला मीच शिकवतो. आमच्या प्लँटचे सगळे सेट एकाच फ्रिक्वेन्सीवर लावलेले असतात. एक जण बटण दाबून बोलला की सगळ्यांना ऐकू जातं, पण त्यानं बटण सोडेपर्यंत दुसऱ्याचा आवाज पोचत नाही. हे समजावताना मी मिठागराच्या अरुंद बांधाचं उदाहरण देतो. समोरून कोणी टोपली घेऊन येत असेल तर आपण थांबायचं. लोकांच्या ते लगेच डोक्यात बसतं. उदाहरण माझं नाही.

ते काकांचं. काका माझ्या शिफ्टचे ऑपरेटर, पेणच्या खाडीकाठचे. तरुणपणी मिठागरात राबलेले. सेटवरही घरच्यासारखंच बोलायचे. "मना आयकू येतंय, बोला." मी डिप्लोमा झालेला, वरसे गावात फ्लॅट घेतलेला. माझी आई वडखळची, तीही 'नाय' आणि 'हाय'च म्हणते, पण ते मी कंपनीत कधी कळू दिलं नाही.

एका दुपारी कंट्रोल रूममध्ये मी आणि माझा जोडीदार दोघंच होतो. त्याचा सेट बंद करून चार्जिंगला लावलेला. माझा मागच्या खिशात. खुर्चीत रेलून मी काकांची नक्कल करत होतो, अगदी रंगात येऊन. जोडीदार हसतोय म्हटल्यावर मला चेव चढला. "मना आयकू येतंय" पासून सुरुवात केली आणि त्यांच्या बायकोला ते घरी कशी हाक मारत असतील तिथपर्यंत पोचलो. पाचेक मिनिटं तरी चाललं असेल.

दार उघडून काका आत आले. शर्टाची बाही पाण्यानं निथळत होती, मनगट लालभडक झालं होतं. कातडी जाळणाऱ्या कॉस्टिकच्या पाइपलाइनच्या सांध्यातलं गॅस्केट उडालं होतं. पंप बंद करा म्हणून ते सेटवर ओरडत होते, पण चॅनेल मोकळं नव्हतं. शेवटी त्यांनी स्वतः पुढं जाऊन व्हॉल्व्ह फिरवला आणि तेव्हा कॉस्टिक हातावर उडालं.

"साहेब, सेट काढा खिशातून," एवढंच म्हणाले. "बटण दाबलेलं हाय."

मी सेट बाहेर काढला. जे बटण दाबून ठेवू नका म्हणून मी दर महिन्याला घसा कोरडा करतो, त्याच्यावर मी बसलो होतो. त्यांनी मदत मागितली तेव्हा त्यांच्या कानात माझी नक्कल वाजत होती. सगळ्या प्लँटनं ती ऐकली होती.

रिपोर्टमध्ये मी 'सेटमध्ये बिघाड' असं लिहिलं. मॅनेजरकडे सेट नसतो; त्यानं विचारल्यावर काका म्हणाले, "व्हय, सेट लागला नाय." माझी नोकरी त्यांनी राखली आणि मी ती राखू दिली. याची मला आजही लाज वाटते.

मनगट बरं झालं, डाग राहिला. चहाच्या वेळी इतरांशी काका पूर्वीसारखंच बोलतात. सेटवर मात्र पुस्तकातल्यासारखं, एकेक शब्द जपून. "मला ऐकू येत आहे, साहेब."

मागच्या आठवड्यात धीर करून त्यांना गाठलं. माफी मागायची होती, पण ती तोंडातून निघेना. म्हणालो, "काका, सेटवर आधीसारखं बोला की."

त्यांनी खाली बघत सेट कमरेला अडकवला.

"नको, साहेब. सगळ्यांना ऐकू जातं."