दाजींचा मोकळा हात

क्लच न दाबता गिअर बदलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. त्यांतली काही अडलेली असतात. केबल तुटलीय, घर लांब आहे, मग कसंबसं वेळ साधत गाडी घरी आणतात. त्यांना मी हात जोडतो. बाकीचे सगळे आगाऊ. आमचे दाजी त्या बाकीच्यांतले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पुणतांब्याला गोदावरीच्या पाण्यावरचं बागायत, अंगात कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि लग्नानंतर दोन वर्षांनी दारात आलेली फटफटी. ती आल्यापासून त्यांना दुसरा विषय उरला नव्हता. सुतकात भेटायला आले तरी ॲव्हरेज सांगायचे.

त्यांची करामत अशी होती. गाडीने वेग घेतला की डावा हात हँडलवरून उचलायचा, शर्टाच्या खिशात घालायचा आणि बघणाऱ्यांकडे तोंड करून नुसत्या पायाने गिअर टाकायचा. यात फार अक्कल लागत नाही. उजव्या हाताने क्षणभर रेस सोडायची, इंजिनावरचा ताण उतरला की त्याच क्षणी पाय द्यायचा. वेळ साधली तर गिअर गुपचूप पडतो, नाही साधली तर आत दात दातावर घासतात. दाजींची वेळ क्वचित साधायची. एरवी गिअरबॉक्समधून 'कर्र' असा आवाज यायचा, आणि तो गाडीचा दम आहे असं ते लोकांना सांगायचे. लोकही माना डोलवायचे. फुकट करमणूक कोण सोडतो?

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि राहुरीकडे एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपात फिटर होतो. ट्रक-ट्रॅक्टरचे गिअरबॉक्स उघडणं हेच माझं रोजचं काम. झिजलेल्या दाताचा आवाज मला झोपेतही ओळखू आला असता.

त्या वर्षी धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला. तीन वर्षांनी येणारा हा अधिक महिना. त्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, चांदीचं निरांजन द्यायचं, आणि जावई म्हणजे साक्षात नारायण असं समजायचं. नारायणाचं काही चुकत नसतं. आमच्या कोल्हारच्या घरात तर त्याला पाणी तिखट लागलं असतं तरी वडिलांनी मान्य केलं असतं.

ताई-दाजी रविवारी जेवायला आले आणि दुसऱ्याच दिवशी अकरा वाजता नगरला ताईची मुलाखत होती. प्राथमिक शिक्षिकेची जागा होती. लग्नाआधी ती डी.एड. झाली होती, आणि तीन वर्षं अर्ज करत होती. हे पहिलंच बोलावणं. सासऱ्यांनी, हो-नाही करत, एवढ्या एका वेळेला जायची परवानगी दिली होती. नाही जमलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही, असं तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. सकाळच्या सातच्या एसटीने मी तिला घेऊन जाणार, असं ठरलं होतं. रजाही टाकली होती.

धोंडे खाऊन तृप्त झालेल्या दाजींनी हात पुसत सांगितलं की एसटीची गरज नाही, ते स्वतः बायकोला दीड तासात नगरला पोचवतील. मग गल्लीतल्या लोकांसाठी त्यांनी एक फेरी मारून दाखवली, खिशात हात घालून. मी ओट्यावर उभा राहून ऐकत होतो. दुसरा गिअर टाकला की सुटत होता. मी वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं की गाडी नगरपर्यंत टिकेलसं वाटत नाही. जावयाच्या गाडीला नावं ठेवायचा हा महिना आहे का, असं त्यांनी विचारलं. मी गप्प बसलो. आज खरं सांगतो, गप्प बसण्यात मला थोडी मजाही वाटत होती. दाजींची कुठेतरी भर रस्त्यात फजिती व्हावी, ही माझी मनापासूनची इच्छा होती. त्या गाडीवर मागे ताई बसणार आहे, हे मला दिसत होतं आणि दिसत नव्हतं.

सोमवारी दाजी सावकाश उठले, सावकाश चहा प्याले. ते दोघे निघाले तेव्हा सातची गाडी केव्हाच गेली होती. माझी रजा वाया गेली म्हणून मी आठच्या एसटीने कामावर निघालो. राहुरी अजून पाच-सहा मैल असेल तेव्हा खिडकीतून फटफटी दिसली. दाजी शेजारी उकिडवे बसलेले, पांढऱ्या शर्टाला तेल लागलेलं. ताई बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत प्रमाणपत्रांची पिशवी छातीशी धरून उभी. मी कंडक्टरला गाडी थांबवायला लावली आणि उतरलो.

फटफटी ढकलून पाहिली. मागचं चाक जागचं हलेना. दात तुटून आत अडकला होता. गिअरबॉक्स उघडल्याशिवाय ती गाडी कुठेही जाणार नव्हती, हे मला दोन सेकंदांत कळलं. एसटी उभीच होती. ताईने एक पाय पायरीवर ठेवला होता. तेवढ्यात दाजी म्हणाले, "आत्ता चालू हुईल. माझी बायको एश्टीनं गेली तर कसं दिसंल?"

ताईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तिने मला विचारलं, "तू वर्कशॉपात हाईस. खरं सांग, हुईल का चालू?"

सगळी एसटी खिडक्यांतून आमच्याकडे बघत होती. दाजीही बघत होते, आणि त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका पडला होता. आदल्या दिवशी माझ्या वडिलांनी त्या माणसाचे पाय धुतले होते. मी म्हणालो, "हुईल."

कंडक्टरने घंटी मारली. ताईने पाय खाली घेतला.

पुढची एसटी दोन तासांनी आली, तीही भरलेली, आणि थांबली नाही. त्यानंतर वांबोरी फाट्याकडे जाणाऱ्या एका ट्रकने तिला तिथवर नेलं, मग आणखी एक गाडी. ती पोचली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि मुलाखती संपल्या होत्या. दाजींना मात्र संध्याकाळी आमच्याकडे नारळ आणि नवी टोपी मिळाली, प्रवासात त्रास झाला म्हणून. गाडीत मुळातच खोट होती, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी होकारार्थी मान हलवली.

ताई स्वयंपाकघरात प्रमाणपत्रं परत पेटीत ठेवत होती. मी दारात जाऊन उभा राहिलो आणि दाजींना शिव्या घालायला सुरुवात केली. मूर्ख, दिखाऊ, अडाणी, सुचेल ते बोललो. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"त्यांना ठावं न्हवतं," ती म्हणाली. "तुला हुतं."

आणि तिने पेटीचं झाकण लावलं.