जुन्या साडीचा बोळा

आमच्या मेहुण्याइतका सावकाश माणूस देवानं आणि अल्लानं मिळून दुसरा बनवला नसंल. गोगलगाय त्याच्या शेजारून चालली तर तिला वाटावं, आपण मोटारीत बसलोय. मी गवंडी माणूस, तिसरीत शाळा सोडली. भिंत उभी करायची, चुना लावायचा, हात धुऊन घरी जायचं, एवढंच मला कळतं. हा मात्र मुकुंदवाडी स्टेशनामागं पत्र्याच्या शेडात गिटारी बनवायचा, आणि एका गिटारीच्या नुसत्या पॉलिशला इतका वेळ लावायचा की तोवर मी एखाद्याचं घर बांधून वास्तुशांतीचं जेवूनसुद्धा यायचो.

मेहुणा म्हणजे रक्ताचा नव्हं. तो मुसलमान, आम्ही मराठे. भिंतीला भिंत लागून घर. माझ्या बायकोनं एका वर्षी त्याला राखी बांधली आणि ती त्याची आपा झाली, मी दुल्हाभाई. मला कुणी विचारलं नाय. त्याचा बाप निजामाच्या राज्यात बड्या लोकांच्या खुर्च्या-पलंगांना पॉलिश करायचा. पोलीस ॲक्शन झालं, बंगले रिकामे झाले, काम गेलं, पण हात राहिला आणि तो ह्या पोरात उतरला. पुढं कुणीतरी मोडकी गिटार दुरुस्तीला आणून दिली, तेव्हापासून ह्यानं पलंगांकडं ढुंकून पाहिलं नाय. पलंगावर माणूस झोपतो, म्हणायचा, गिटार माणसाला जागवते. बोलायला काय जातं!

त्याची पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. ती ब्रशनं लावायची नाय. कापसाचा बोळा जुन्या सुती कापडात गुंडाळायचा, त्यावर गोडेतेलाचा एक थेंब सोडायचा आणि लाकडावर गोल गोल फिरवत बसायचं. एक हात वाळला की दुसरा, दुसरा वाळला की आणखी एक. आभाळ आलं की काम बंद, कारण ओल्या हवेत लाखेवर पांढुरकं धुकं धरतं. मालगाडी आली की बंद, कारण पत्र्यावरची धूळ खाली येते. आणि बोळा एकदा फिरायला लागला की मात्र थांबवायचा नाय, थांबला तिथं चिकटून डाग पडतो. ह्याच्या पोरीच्या लग्नात वरात दारात उभी, आणि हा शेडात बोळा फिरवतोय! त्याची बायको ओरडून ओरडून दमली. मी गेलो, म्हणलं, "अरे, व्याही खोळंबलेत." मान वर न करता म्हणतो, "बिठाव उनकू, दुल्हाभाई. व्याही थांबतील, लाख नाय थांबायची." शेवटी आमच्या हिनंच वरातीला सरबत पाजून गप्पांत गुंतवलं.

ह्या कामाला कापड लागतं तेही भलत्याच मिजासीचं. नव्या कापडात खळ असते, सूत सुटतं आणि लाखेत रुतून बसतं. वर्षानुवर्षं नेसून, धुऊन सायीसारखं मऊ झालेलंच पाहिजे. म्हणून आमच्याकडं राखीची उलटीच तऱ्हा. भाऊ बहिणीला नवी सुती साडी द्यायचा आणि जाताना तिची जुनी काखेत मारून न्यायचा. वर सांगायचा, "आपा, ही बी जल्दी नेसून जुनी करो." ती म्हणायची, "मेल्या, मला म्हातारी करायला निघालास व्हय?" आणि दोघं खो खो हसत बसायची. मी आपला चहाची वाट बघत.

साऱ्या गिटारी गिऱ्हाइकांच्या घरी जायच्या. एकदा ही त्याला म्हणाली, "एक तरी घरात ठेव की रे. मला संध्याकाळी ऐकायला." झालं. त्यानं चांगलं लाकूड धरलं आणि बसला तासत. गिटार तयार झाली, फक्त पॉलिश राहिली होती, तेवढ्यात ही गेली. ताप आला काय आणि गेली काय. मी अजून दोघांचा चहा टाकतो आणि मग दोन्ही कप मीच पितो.

हिच्या साड्या बहिणींनी, भाच्यांनी नेल्या. एक मी दिली नाय. शेवटी अंगावर होती ती, जांभळी, घरात नेसायची. खुंटीवर तशीच ठेवली, धुतली नाय. शिकेकाईचा, चुलीचा, हिचा असा वास होता तिला. जवळ गेलं की ही आताच आत गेलीय असं वाटायचं.

इकडं मेहुण्याकडं हिच्या जुन्या साड्यांची चिंधीही उरली नव्हती. त्यानं बाजारातून कापड आणलं, दहादा उकळलं, तरी सूत सुटलंच. सगळी गिटार खरवडून पुन्हा कोरी केली. मग रोज माझ्याकडं येऊन बसायला लागला. ज्यानं माझी शिडी, माझी सायकल, माझी छत्री कधी विचारून नेली नाय, तो खुंटीकडं पाठ करून बसायचा.

"काय पाहिजे ते बोल की," मी खेकसलो.

"कुछ नक्को, दुल्हाभाई. चहा पाजो."

तो गेला. मी साडीत तोंड घालून बराच वेळ उभा राहिलो. मग काढली आणि शेडात नेऊन त्याच्यापुढं टाकली. त्याच्यानं फाडवेना. मीच फाडली.

"धुऊन घे आधी," मी म्हणलं. "हळदीचे डाग हैत. गिटारीवर उतरतील."

"उतरने दो," तो म्हणाला.

धुळीच्या कणावरून जगाशी भांडणारा माणूस हा! ऊन चांगलं पडलं होतं. तो बोळा फिरवत राहिला, मी शेजारी डब्यावर बसून राहिलो. पहिल्यांदाच मला घाई नव्हती.

शेवटचा हात झाला त्या दिवशी त्यानं मला बोलावलं. गिटार गुळाच्या पाकासारखी चमकत होती. "हात नक्को लगाव, कच्ची है अभी," म्हणाला. "नुसता वास घ्या."

मी वाकलो. स्पिरिट असं नाकात घुसलं की डोळ्यांना पाणी आलं. स्पिरिट होतं, लाख होती. बाकी काही नव्हतं. पुन्हा श्वास घेऊन पाहिला. नव्हतंच.

"आपा की खुशबू आती ना, दुल्हाभाई?"

उभ्या जन्मात तोंड आवरायचं मला जमलं नाय. त्या दिवशी जमलं.

"येते," मी म्हणलं. "लई येते."

मग तोही वाकला, आणि बराच वेळ तसाच राहिला.