नापासबाईंच्या गोळ्या

शर्ट शिवणाऱ्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंचं खरं नाव हजेरीपत्रकात होतं आणि तिथेच राहिलं. सगळे त्यांना नापासबाई म्हणत, तेही तोंडावर. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. कोणी नवखी चुकून नावाने हाक मारायची, तेव्हा त्या ओ देत नसत.

काम एवढंच की शिवून आलेला शर्ट उलटसुलट करून पाहायचा आणि खोट दिसली की लाल स्टिकर लावायचा. तो शर्ट मग कात्रीवाल्यांकडे जाई. स्टिकर कोणी लावला, का लावला, असल्या भानगडीत कात्रीवाले पडत नसत. लाल दिसलं की चिंध्या. बाकीच्या टेबलांजवळ तीन टोपल्या असत, पास, नापास आणि दुरुस्ती. नापासबाईंकडे दोनच. एकदा बिघडलं ते बिघडलं, हे त्यांचं म्हणणं. शिवाय एका गठ्ठ्यात तीन शर्ट खराब निघाले की उरलेले न पाहता अख्खा गठ्ठा बाजूला काढायचा, हा कारखान्याचा नियम त्या डोळ्यांत तेल घालून पाळत. घरीही तोच खाक्या. त्यांचे यजमान बस चालवत. पंचवीस वर्षांच्या संसारात यजमानांनी घडी घातलेली एकही चादर पास झाली नव्हती.

अशा बाईंची बोटं एका सकाळी आखडली. मग गालांवर लाल चट्टे उमटले आणि जिना चढताना दोनदा बसावं लागलं. तपासण्या झाल्या, ल्युपस निघाला. डॉक्टरीणबाईंनी आधी त्यांना कामाबद्दल विचारलं आणि मग समजावलं.

"तुमच्या रक्तात बी पेशी असतात. जंतू आला की त्या त्याला चिकटणारी प्रतिद्रव्यं सोडतात. तुमचे लाल स्टिकरच समजा. स्टिकर दिसला की बाकीच्या पेशी तुटून पडतात. आता तुमच्या बी पेशी तुमच्याच शरीरातल्या चांगल्या मालाला स्टिकर लावत सुटल्यात. त्या प्रतिद्रव्यांचे पुंजके मूत्रपिंडात जाऊन अडकतात, तिथे सूज येते आणि लघवीतून प्रथिनं जायला लागतात."

नापासबाईंना रागच आला. आजाराचा नव्हे, कामातल्या हयगयीचा.

"चांगला माल नापास करतात? आमच्याकडे असत्या तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं."

"म्हणूनच या गोळ्या. रोज घ्यायच्या, एकही दिवस चुकवायचा नाही."

सहा महिने गेले. दर तपासणीला कागद आधीपेक्षा वाईट. प्रतिद्रव्यं चढत होती, प्रथिनं जात होती. डॉक्टरीणबाई चक्रावल्या. शेवटी म्हणाल्या, "गोळ्यांना तुमच्या बी पेशी दाद देत नाहीत. सोमवारी शिरेतून औषध सुरू करू. ते बी पेशींना जवळजवळ पुसूनच टाकतं. त्यात शहाण्या पेशीही जातील, त्यामुळे साधा तापसुद्धा जपावा लागेल. पण आता थांबलो तर मूत्रपिंड हातचं जाईल."

नापासबाई घरी आल्या. त्या घाबरल्या होत्या. यजमानांनी मुद्दाम चादरीची वाकडीतिकडी घडी घातली, तरी त्यांचं लक्ष गेलं नाही. तेव्हा मात्र यजमानही घाबरले.

रविवारी सकाळी यजमानांच्या गणवेशाचं बटण तुटलं. दुसरं शोधायला त्यांनी बटणांचा डबा उघडला, तर आत पांढऱ्या गोळ्या. सुट्या गोळ्या होत्या, अख्खी पाकिटंही होती, आणि प्रत्येकावर नखाएवढा लाल स्टिकर.

"अगं, हे काय?"

"नापास," बाई सहज म्हणाल्या. "बघा ना, हिची कड उडालीय. हिच्यावर डाग आहे. एका पाकिटात तीन खराब निघाल्या की पाकीट बाजूला. सगळी एकदम दुकानात परत करणार होते."

"आणि मग त्या दिवशी कुठली गोळी घ्यायचीस?"

"चांगलं पाकीट मिळालं की घ्यायचे."

"आणि नाही मिळालं तर?"

बाईंनी डब्यातली पाकिटं मोजायला घेतली आणि अर्ध्यावरच सोडली. यजमान ओरडले नाहीत. ते डबा मांडीवर घेऊन नुसते बसून राहिले, आणि तेच बाईंना सोसवेना.

सोमवारी डबा डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर उपडा झाला. त्यांनी कपाळाला हात लावला.

"कड उडाली म्हणून औषध पळून जातं का हो? निम्म्याहून जास्त दिवस तुम्ही गोळी घेतलेलीच नाही. मी उगाच तुमच्या बी पेशींना बोल लावत होते. या डब्यातला सगळा चांगला माल होता, बाई."

हे वाक्य नापासबाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं आणि कधीच मानलं नव्हतं. आज मात्र त्यांच्या डोळ्यांना धार लागली. शिरेतलं औषध तीन महिने पुढे ढकललं, एका अटीवर. गोळी यजमान देणार आणि बाईंनी डोळे मिटून गिळायची. चादरींचा पंचवीस वर्षांचा हिशेब यजमानांनी असा चुकता केला. रोज सकाळी ते विचारत, "मिटले का नीट? पापणी हलतेय. नापास. पुन्हा मीट."

तीन महिन्यांनी कागद आला. प्रथिनं निम्म्यावर, प्रतिद्रव्यंही उतरलेली. मूत्रपिंड मात्र पूर्वीसारखं नव्हतं. काही भागाला कायमची इजा झाली होती. उरलेलं जपलं तर चालेल, औषध कायम घ्यावं लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

नापासबाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला. "म्हणजे मी पास की नापास?"

उत्तर मागे उभ्या असलेल्या यजमानांनी दिलं.

"दुरुस्ती," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात नापासबाईंनी कोपऱ्यातली रिकामी टोपली ओढून टेबलाशी आणली. पहिलाच शर्ट आला, त्याची कॉलर जराशी वाकडी. सवयीने त्यांनी लाल स्टिकर सोलला आणि बराच वेळ बोटावर तसाच धरून ठेवला. मग तो टेबलाच्या कडेला चिकटवून शर्ट तिसऱ्या टोपलीत ठेवला, नीट घडी घालून.