रंगलेल्या हातावरचा शिक्का

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला माझं बाकी सगळं ठाऊक आहे. बारावीला पहिल्या खेपेला गणितात गचकलो होतो ते, लग्नाआधी एका मुलीला पत्र लिहून ते फाडून टाकलं होतं तेही. हे मात्र नाही. सहा हिवाळे झाले. थंडी पडली, पहाटे बूट चढवायला उंबऱ्यावर बसलो, की हे आतून वर येतं — आणि मी नाडी आवळून उठतो, पळायला लागतो. पळताना माणसाला बोलावं लागत नाही, हा किती मोठा फायदा!

आज पळायला गेलो नाही. लिहायला बसलोय. बघू कितपत जमतं.

तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा आधी थोडं माझ्याबद्दल. मी पालघर तालुक्यातला. वडील आयुष्यभर दुसऱ्यांच्या चिकूच्या वाड्यांत कामाला होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. पालघरला रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो, तेव्हा आईनं निकालाचा कागद देवापुढे ठेवला आणि आठ दिवस कोणाला हात लावू दिला नाही. शाळेतल्या सरांनी स्वतःची पुस्तकं दिली, मामांनी दोन वर्षं घरी ठेवून घेतलं. माझ्यासाठी पुष्कळांनी पुष्कळ केलंय, आणि ते मी विसरत नाही. आता बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात केमिस्ट आहे. पांढरा कोट घालून लॅबमध्ये बसतो.

हे सगळं कशाला सांगतोय? कारण या गोष्टीत माझी पदवी आहे. मी जे केलं ते पदवी नसलेल्या माणसाला करताच आलं नसतं.

आमच्या कारखान्यात वसंत म्हणून एक जण होता. पॅकिंगला. ठेकेदाराचा माणूस. मूळचा जव्हारकडचा, सालवडला खोली घेऊन राहायचा. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला वसंतदादा म्हणायचो. तो मला सर म्हणायचा. तयार रंगाची पूड ड्रममध्ये भरायची, तोलायची, झाकण ठोकायचं — हे त्याचं काम. हातमोजे देतात, पण पूड इतकी बारीक की मोज्यातून आत जाते, घामात भिजते आणि कातडीत बसते. आमच्याकडे पॅकिंगच्या माणसाचे हात बघितले की त्या आठवड्यात कुठला माल चालू आहे ते कळतं. साबणानं जात नाही. नव्या कातडीबरोबरच जातं.

मला पळायला त्यानंच शिकवलं. मी हौसेनं नवे बूट घेऊन एका डिसेंबरात सुरुवात केली होती. पहिल्याच रविवारी दोन किलोमीटरवर रस्त्याच्या कडेला वाकून उभा — धाप लागून. मागून हा आला. पायात साधे कॅनव्हासचे बूट, डोक्याला मफलर. थांबला, बघितलं आणि हसला. "सर, डिग्री हाय, पन दम नाय!" मग म्हणाला, "हळू चला. बोलता येईल एवढंच पळायचं. बोलता आलं नाय का समजायचं, चुकलं."

त्यानंतर दर रविवारी आम्ही बरोबर. बोईसरहून किनाऱ्याकडे जायचं, घिवली गावाच्या अलीकडून मागे फिरायचं. तुम्ही आमच्याकडची हिवाळ्यातली पहाट पाहिली नसेल. कारखान्यांचा धूर वर जात नाही, रस्त्यावरच अंथरल्यासारखा पडून राहतो. तो मागे टाकला की एकदम गार, स्वच्छ हवा लागते, आणि पुढे सुकत घातलेल्या मासळीचा वास. जाताना वारा पाठीशी. येताना मात्र जमिनीकडून सरळ तोंडावर, डोळ्यांतून पाणी काढणारा. परत फिरलो की वसंतदादा न सांगता पुढे व्हायचा. "माझ्या पाठीला लागा," म्हणायचा. मी त्याच्या दोन पावलं मागे, त्याच्या आडोशाला. दोन हिवाळे मी असा पळालो. त्याची पाठ मला इतकी पाठ झाली होती की अंधारातही ओळखली असती.

मग मी हे काय केलं?

थांबा. मॅरेथॉनचं सांगायचं राहिलं. घाटावरच्या एका शहरात मार्चमध्ये मॅरेथॉन असते, पूर्ण बेचाळीस किलोमीटरची. आमच्या वसाहतीतल्या पळणाऱ्यांचा एक गट आहे, निरनिराळ्या कारखान्यांतले चाळीसेक जण. त्या वर्षी गटानं ठरवलं की जानेवारीत एकवीस किलोमीटरची निवड शर्यत घ्यायची आणि पहिल्या येणाऱ्याला मार्चला पाठवायचं. नाव नोंदवणं, प्रवास, राहणं सगळं गटाकडून, आणि मुख्य म्हणजे त्याच्या कारखान्याकडून चार दिवसांची सुट्टी. ठेकेदाराच्या माणसाला सुट्टी हा शब्दच नसतो, तो खाडा असतो. वसंतदादाला तिथं जायचा हा एकच रस्ता होता. तो फारसं बोलायचा नाही, पण एकदा पळता पळता म्हणाला होता, "एकदा बघायचंय सर, बेचाळीस कशी लागते ती. येवढीच हौस हाय."

मला मात्र रस्ते होते. मी ऑनलाइन नाव घालू शकलो असतो, रजा टाकून जाऊ शकलो असतो. हे नीट लक्षात घ्या. मी पुढे जे सांगणार आहे ते ऐकताना मला त्या जागेची गरज होती असं समजू नका.

शर्यतीला वेळ मोजणारी चिप-बिप काही नव्हती. किनाऱ्याजवळ रस्त्यात एक पिंप ठेवलेलं. त्याला वळसा घालायचा आणि तिथं उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलीकडून मनगटाच्या मागे गोल शिक्का मारून घ्यायचा. सुरुवातीच्या मैदानात परत आल्यावर टेबलापाशी शिक्का दाखवायचा. शिक्का नाही तर वेळ धरायची नाही, असा नियम.

पिंपापाशी आम्ही दहा-बारा जण एकदमच पोचलो. मी सवयीनं वसंतदादाच्या मागेच होतो. त्यानं वळसा घातला, उजवा हात पुढे केला, मुलीनं शिक्का दाबला. मग माझा हात. मी मान वर केली तोवर तो निघालेला. त्या दिवशी त्यानं मला पाठ दिली नाही — का द्यावी? शर्यत होती. समोरून वारा आणि हा माणूस त्यात घुसल्यासारखा लांब लांब होत गेला. मी बाकीच्यांना मागे टाकलं, पण त्याच्या जवळपासही नव्हतो. मी मैदानात शिरलो तेव्हा तो पाणी पिऊन, मफलर गुंडाळून टेबलापाशी उभा होता.

आणि तिथं गडबड चालली होती.

त्या आठवड्यात पॅकिंगला जांभळा माल होता. वसंतदादाचे हात मनगटाच्या वरपर्यंत जांभळे. आणि शिक्क्याची शाईही जांभळी. घामानं पसरलेली. टेबलावरचे लोक त्याचा हात उलटा-सुलटा करून बघत होते. कोणीतरी म्हणालं, "समोरच्या वाऱ्यात एवढ्या टायमात? शक्यच नाही." दुसरा म्हणाला, "सालवडच्या गल्ल्या याच्या पायाखालच्या. घुसला असेल मधूनच." लोक हसले. त्या मुलीला फोन केला. ती बिचारी म्हणाली, दहा-बारा हात एकदम आले, मी हात बघत होते, तोंडं नाही. मी बाजूला पाणी पीत होतो, तोवर माझ्या मागून आलेल्यांना विचारलं. कोणी म्हणालं, "असेल," कोणी म्हणालं, "लक्ष नव्हतं."

"मारलाय ना शिक्का," वसंतदादा पुन्हा पुन्हा म्हणत होता. "रंगावर मारला तर मी काय करू? बघा ना नीट."

तेवढ्यात गटाच्या प्रमुखांना मी दिसलो. ते एका कारखान्याचे मॅनेजर, सरळ माणूस. म्हणाले, "हे बरं झालं. तुम्ही याच्याच कंपनीतले ना? केमिस्ट. तुम्हीच सांगा, हा शिक्का आहे की कामाचा रंग?"

वसंतदादाचा चेहरा मोकळा झाला. त्यानं हात माझ्यापुढे धरला. मी तो हातात घेतला. अजून गरम होता.

आता सांगतो.

मला शिक्का दिसला. जांभळ्या कातडीवर एका बाजूला गोलाची कड, नखाएवढी, पण स्पष्ट. आणि नसती दिसली तरी काय? टेबलावरच प्रथमोपचाराची पेटी उघडी होती. कापूस होता, स्पिरिट होतं. शिक्क्याची ताजी शाई स्पिरिटला लगेच सुटते. कातडीत मुरलेला आमचा रंग तसा सुटत नाही. एक बोळा, दोन थेंब, अर्धं मिनिट. मग त्याच्याच दुसऱ्या, शिक्का नसलेल्या हातालाही पुसून दाखवलं असतं तर तिथल्या कोणालाही पटलं असतं. माझ्या लॅबमधलं सगळ्यात सोपं काम याहून अवघड असतं.

आणि या सगळ्याचीही गरज नव्हती. मी त्याच्या मागे होतो. मी पाहिलं होतं.

मी हात थोडा उजेडाकडे वळवला — हो, हेही केलं, तपासल्यासारखं — आणि म्हणालो, "दोन्ही रंग सारखेच दिसतात. खात्रीनं नाही सांगता येणार."

पहिलं वाक्य खरं होतं. म्हणून दुसरं खपलं.

वसंतदादाची वेळ धरली नाही. पुढचा नंबर माझा होता. माझ्या गोऱ्या मनगटावर शिक्का लख्ख होता.

का केलं? याचं उत्तर मी कितीदा शोधलंय. मी निवडला जाणार असं घरी वडिलांनी चार लोकांना सांगून ठेवलं होतं हे खरं. निवडलं जाण्याची मला लहानपणापासून सवय लागली होती, हेही खरं. टाळ्या वाजणार, नाव पुकारणार, कोणीतरी खांद्यावर हात ठेवणार. पण आदल्या रात्री मी असं काही ठरवलं नव्हतं. मैदानात शिरेपर्यंत मनात नव्हतं. विचारलं गेलं, आणि तोंडातून तेच आलं. इतकं सहज आलं, याचीच मला आजही भीती वाटते.

सोमवारी वसंतदादा लॅबच्या दाराशी आला. आत आला नाही, पॅकिंगची माणसं येत नाहीत. विचारलं, "सर, पिंपाकडं तुमी माझ्या मागंच होता ना?"

मी म्हणालो, "वसंतदादा, खरंच लक्ष नव्हतं माझं."

त्यानं दाराच्या चौकटीवरचा हात काढला. मग म्हणाला, "आसंल. पळताना खाली बघायला लागतं." आणि गेला. मला निसटायला वाट त्यानंच करून दिली. त्याला कळलं होतं का? कळलं होतं असं मला वाटतं. नसेल तर ते त्याहून वाईट.

मार्चमध्ये मी बेचाळीस किलोमीटर पळालो. पस्तिसाव्यानंतर पाय लाकडासारखे झाले, पण पुरं केलं. गटानं सत्कार केला. माझ्या शाळेनं बोलावलं, मुलांसमोर मी जिद्दीवर बोललो. चांगलं बोललो म्हणतात. वसंतदादानं रविवारचं पळणं सोडलं. कोणाला काही म्हणाला नाही. पॅकिंगमध्ये त्याला नाव मात्र पडलं — शॉर्टकट. "काय शॉर्टकट, जेवलास का?" "शॉर्टकट, तो ड्रम इकडं घे." वर्षभरानं ठेकेदार बदलला आणि तो दुसऱ्या कारखान्यात गेला.

गेल्या महिन्यात बोईसरच्या बाजारात भाजी घेत होतो. पलीकडून एका तरुण कामगारानं मोठ्यानं हाक मारली, "ओ शॉर्टकट!" आणि वसंतदादानं वळून हात केला. अगदी सहज, आपल्या नावाला ओ द्यावी तसा. सोबत त्याची मुलगी होती, दहावी-अकरावीची असेल. तिलाही त्यात काही वाटलं नाही. तीही वळली.

मी त्या तरुणाला विचारलं, हे कसलं नाव?

"काय म्हाईत सर," तो म्हणाला. "मी आलो तवापासून सगळे तेच बोलतात. माणूस एक नंबर हाय पण."

तेवढ्यात वसंतदादानं मला पाहिलं. जवळ आला. केस पिकलेत. "सर, पळता का अजून?"

"हो," म्हणालो.

"बरं हाय. सोडू नका." मुलीला म्हणाला, "हे सर. मोठी मॅरेथॉन पळलेत." मुलीनं नमस्कार केला. मी तो घेतला. माझ्या हातात कोथिंबिरीची जुडी होती, ती मी इकडची तिकडे करत राहिलो. ते दोघे गर्दीत जाईपर्यंत माझ्या तोंडून काही निघालं नाही. बाजारात, दिवसाढवळ्या, तो समोर उभा असताना.

तेव्हा त्या टेबलापाशी जे बोलायचं होतं ते इथं लिहितो. उशिरा आहे, आणि त्याच्या कानावर हे जाईल असंही नाही. वसंत त्या सकाळी पिंपापर्यंत गेला. पूर्ण वळसा घालून फिरला. त्याच्या उजव्या हातावर शिक्का मारला गेला. मी दोन पावलांवर होतो, मी पाहिलं. त्या शर्यतीत तो पहिला आला. मी दुसरा.