जमिनीखालचं जंक्शन

मी कल्याण सोडलं तेव्हा स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झालेली. बाबा मला पोचवायला फलाटावर आले नाहीत. ते केबिनमध्ये सांधेवाले होते आणि माझी गाडी मुंबईच्या रुळावर घालायची, तर तो लिव्हर त्यांनाच ओढायचा होता. पोराला परदेशी धाडायला बापाने स्वतः सांधा द्यावा, असं भाग्य कल्याण जंक्शनात दुसऱ्या कोणाला लाभलं असेल तर त्याने पुढे येऊन सांगावं. माझा धाकटा भाऊ दिगू गाडीबरोबर थेट खाडीकाठच्या दुर्गाडी किल्ल्यापर्यंत धावत आला, असं मी पुढे लंडनात सगळ्यांना सांगायचो. खरं तर तो चार पावलं चालला आणि म्हणाला, "दादा, पत्र टाक. आणि थापा जरा कमी मार."

तेवढं जमलं असतं तर आज हे लिहायला बसलो नसतो.

बोटीवर भांडी घासत मी लंडन गाठलं. तिथे भर शहरात, जमिनीच्या पोटात, एक जुनंपुराणं जंक्शन आहे. वाफेच्या इंजिनांच्या काळातल्या विटांच्या कमानी, अजून काळ्या. इकडून एक गाडी येते, तिकडून दुसरी, आणि माणसं मुंग्यांसारखी या भुयारातून त्या भुयारात. तिथे मला नोकरी लागली. झाडूवाल्याची. जिने झाडायचे, फलाट झाडायचे, सिगारेटची थोटकं वेचायची.

घरी लिहिलं, मी सांधेवाला झालो, हाताखाली छप्पन्न लिव्हर आहेत.

बाबांना वाचता येत नव्हतं. माझं पत्र घेऊन दिगू केबिनमध्ये जायचा आणि मोठ्याने वाचायचा. खाली गँगमन, पोर्टर, पाणीवाला, सगळे जमायचे म्हणे. एवढी मंडळी कान देऊन बसलेली, आणि मी त्यांना काय केरसुणीच्या गोष्टी सांगू? मी लिहिलं की इथे बोगदे एकाखाली एक असे सात मजली आहेत, वरच्या गाडीत कोणाचा चहा सांडला तर खालच्या गाडीतला छत्री उघडतो. सरकता जिना एवढा लांब की वर पोचेपर्यंत गड्याची दाढी वाढते, म्हणून अर्ध्यावर न्हावी बसवलाय. बाबांनी दिगूकडून उलट टपाली विचारलं, "न्हावी रेल्वेचा की खासगी?" मी कळवलं, रेल्वेचा, पगारी, वर्षाला दोन पासही मिळतात. केबिनमध्ये म्हणे सगळ्यांनी माना डोलावल्या.

दिगू तोवर लोको शेडमध्ये फायरमन लागलेला. पक्की नोकरी, पुढेमागे क्वार्टर मिळणार. अशात बाबांचं पत्र आलं, धाकट्यालाही तुझ्या हाताखाली घे. नाही म्हणायला एक पोस्टकार्ड पुरलं असतं. मी लिहिलं, जागा राखून ठेवलीय.

दिगूने नोकरी सोडली.

तो आला तो नेमका खंडेनवमीला. कल्याणच्या केबिनमध्ये त्या दिवशी सगळे लिव्हर धुऊन पुसून लख्ख करतात, हळदकुंकू लावतात, झेंडूची माळ, नारळ, पेढे. बाबांनी माझ्या छप्पन्न लिव्हरांसाठी हळदकुंकवाच्या पुड्या बांधून दिलेल्या. दिगू पत्र्याची ट्रंक घेऊन सरळ जंक्शनावर आला, आणि मी जिन्यात, हातात झाडू.

"केबिन कुठंय, दादा?"

"आज रजेवर आहे," मी म्हणालो. जन्मभर थापा मारलेला माणूस, आणि ऐन वेळी हे सुचलं.

तो हसला नाही. ट्रंक खाली ठेवली, पुड्या सोडल्या आणि माझ्या झाडूच्या दांड्याला आधी हळद लावली, मग कुंकू. साहेबलोक बाजूने वाट काढत चालले होते. त्याने हात जोडले. "हत्यार आहे ना तुझं? मग आज पुजायला हवं. बाबांनी सांगितलंय."

अकरा दिवस तो माझ्या खोलीवर राहिला. त्याने शिव्या घातल्या असत्या तर मी जन्मभर त्याचे पाय धुतले असते. मग उत्तरेकडे कापडगिरणीत माणसं घेतात असं ऐकून गेला. तिथून त्याचं एकच कार्ड आलं. "घरी खरं कळवू नकोस. बाबांना केबिनमध्ये तोंड दाखवायचंय."

पुढची माझी पत्रं परत आली. मी गेलो, घरमालकीण म्हणाली, पत्ता न ठेवता गेला. गिरण्यांच्या दारात उभा राहिलो, इस्पितळांत विचारलं. एवढ्या मोठ्या गप्पा मारणारा मी, पण त्या परक्या मुलखात भावाचं वर्णन करायला मला दोन धड वाक्यं आली नाहीत.

तेव्हापासून कल्याणला धाडलेल्या पत्रांत आम्ही दोघं एकाच केबिनमध्ये आहोत. दिगूला मी बढती दिली. लग्न लावून दिलं. बाबा गेले तेव्हा आईने शेजारणीकडून लिहवून घेतलं, "आता याल तर दोघं या, एकटा येऊ नकोस." म्हणून गेलो नाही. एकाचं तिकीट काढून जायचं तरी कुठे?

मागच्या वर्षी पत्रात लिहायला काही सुचेना, म्हणून दिगूला मुलगी झाली असं लिहून बसलो. तीन महिन्यांनी कापडात शिवलेलं पार्सल आलं. बाळंतविडा. आईने आपल्या जुन्या, मऊ झालेल्या लुगड्याची झबली शिवलेली, टोपडं, दुपटी, वेखंड, डिंकाचे लाडू. लाडू वाटेत फुटलेले.

घर म्हणजे काय, असं इकडे आलेली आपली माणसं चहा पिताना एकमेकांना विचारतात. माझ्यापुरतं सांगतो. कल्याणात एक म्हातारी आहे, ती चार माणसांची वाट बघते, सांधेवाला मी, दिगू, त्याची बायको, त्याची मुलगी, आणि त्यातलं कोणीच नाही. तिने वाट बघणं सोडलं की माझं घर संपलं.

त्याच दिवशी उत्तर टाकलं. आई, झबली अगदी अंगाबरोबर बसली.