नायकाच्या आधी कुणी वाचत नसे

आसेगावचा उकंडराव मराठी सातवी पास होता. ही गोष्ट तो स्वतः विसरत नसे आणि दुसऱ्यालाही विसरू देत नसे. एकोणीसशे एकोणचाळीसच्या सुमारास वाशीमला प्रौढ साक्षरतेची सभा झाली. बिनपगारी मास्तर हवेत म्हणताच यानं सगळ्यांच्या आधी हात वर केला, आणि आसेगावजवळचा बंजाऱ्यांचा तांडा त्याच्या वाट्याला आला. घरच्यांनी कपाळाला हात लावला. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला याला कोणी सांगितलं होतं?

तांड्याचा नायक सोमला साठीचा, ताठ कण्याचा. तांड्यातले तंटे तो मिटवी, त्याचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. पण सरकारी कागद आला, की याच माणसाला गावात कुणाच्या तरी ओट्याखाली उभं राहून तो वाचून घ्यावा लागे. ते त्याच्या जिवाला लागलेलं होतं. त्यानं लिंबाखालची जागा सारवून दिली आणि सगळ्यांच्या पुढं स्वतः पाटी घेऊन बसला.

अडचण भलतीच निघाली. बैठकीत नायकाच्या आधी कुणी तोंड उघडायचं नाही, अशी तांड्याची रीत. ती शाळेतही आली. नायकाला अक्षर वाचता येईपर्यंत बाकीचे मुकाट बसत. आणि नायकाची बोटं नांगराला सरावलेली. पेन्सिल हातात धरली की मोडायची. घरी सारं बोलणं गोरमाटीत, त्यामुळं ‘आई’ वाचायला गेला की ओठावर ‘याडी’ यायचं. कापूस वेचून झाला तरी शाळा बाराखडीतच. उकंडरावाला वाटे, पालथ्या घड्यावर पाणी ओततोय आपण. तो म्हातारा रोज न चुकता येऊन बसतो, हे मात्र त्याच्या डोळ्यांत भरलं नाही.

अशात डिप्टीसाहेब तपासणीला येणार, असा निरोप आला. उकंडरावाला प्रश्न पडला. दाखवायचं काय? तेवढ्यात त्याच्या ध्यानात आलं, की नायकाची सून भुरीबाई पाणी भरता-भरता, सारवता-सारवता नुसतं ऐकून, फळ्याकडं पाहून वाचायला शिकली आहे. साहेब आले त्या दिवशी त्यानं तिलाच पुढं बोलावलं. तिनं ओढणीआडून सासऱ्याकडं पाहिलं. सोमलानं मान हलवली. मग तिनं फळ्यावरचं सगळं न अडखळता वाचलं. साहेब खूश झाले. इथवर सगळं ठीक होतं.

पण उकंडरावाच्या जिभेला हाड कुठं होतं! साहेबांना हसवायच्या नादात तो बोलून गेला, “काय नायक, सून पुढं निंगून गेली, तुमी बसले ग म भ न करत.” साहेब हसले. तांड्यातलं कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली चिटपाखरू नव्हतं. उकंडराव तणतणत नायकाच्या घरी गेला. सोमलानं बाज टाकून बसवलं, गूळपाणी दिलं आणि शांतपणे सांगितलं, “मास्तर, सुनंनं वाचलं त्याचा मले आनंदच झाला. मीच तिले मान हालवली. पन साहेबाच्या म्होरं तुमी मले हासले. आता उद्या पंचायतीत माही गोठ कोन आयकन?”

तेव्हाच हात जोडले असते तर शाळा पुन्हा भरली असती. पण फुकट शिकवायचं आणि वर माफी मागायची? उकंडराव उठून चालता झाला. पुढं कुणी विचारलं, तर त्यांनाच शिकायचं नव्हतं म्हणून सांगे. तांड्याची वाट मात्र तो टाळी. लांबच्या पांदणीनं शेतात जाई. मनाला टोचणी होतीच.

पाच-सहा वर्षं अशी गेली. एकदा वाशीमच्या बाजारात भुरीबाई समोर आली. सोमला गेल्याचं त्याच्या कानावर होतं. त्यानं विचारलं, वाचतेस का अजून?

“माहं राहू द्या, मास्तर,” ती म्हणाली. “माहे सासरे मरेपर्यंत पाटी घेऊन बसत. जोडाक्षराशी अडले होते. मी सांगतो म्हटलं तं नको म्हनत, सुनंनं सासऱ्याले शिकवाव नाई. म्हनत, मास्तर येईन एकडाव, त्याले इचारीन.”

भर बाजारात उकंडरावाला रडू आवरेना. तांडा त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होता.